तबेल्याचं खत

घेवडा उगवला, चार बोटं वर आला, आणि मग त्याची पानं आत वळायला लागली.

आधी कडा वळल्या. मग शेंडे. कुणी एकेक पान हातात घेऊन चुरगाळून परत देठाला लावून ठेवावं तसं. सून ओळ धरून वाकून बघत गेली. कीड नव्हती. पानाखाली जाळं नव्हतं, अंडी नव्हती. पाणी वेळेवर मिळालं होतं. ओळीच्या अगदी टोकाला, जिथे शेत संपून डोंगराचा कडा सुरू होतो, तिथली झाडं मात्र सरळ होती. पानं तळहातासारखी उघडी.

ती त्या झाडांपाशी उकिडवी बसली. इथे ऊन कमी, सावली जास्त. मग इथलीच धड कशी?

बसल्या बसल्या तिला आठवलं. खताची पाटी इथवर येईपर्यंत संपली होती. दुसरी आणायला वर चढायचा तिने कंटाळा केला होता.

खतवाली म्हणजे

तिची सासू. उतारावर पाच घरं, आणि पाचही घरं तिला खतवालीच म्हणत. तोंडावर काकू, पाठीमागे खतवाली. दोन्हींत मान सारखाच.

इथली शेतं पायऱ्यांसारखी एकाखाली एक. प्रत्येक पायरीला दगडी बांध. बांध नसते तर ही जमीन कधीच वाहत वाहत खालच्या बाजारगावात जाऊन बसली असती. माती मुळात टीचभर. जी आहे ती पिढ्यान् पिढ्या पाटीने वाहून, खत घालून वाढवलेली. खड्डे सगळ्यांकडे होते, पण खतवालीसारखं खत कुणाचं होत नसे. ती पाला वेगळा कुजवायची, शेण वेगळं मुरवायची, राख कधी घालायची आणि कधी नाही हे ढगाकडे बघून ठरवायची. खत तयार झालं की मूठभर घेऊन दाबायची, वास घ्यायची, आणि शेवटी चिमूटभर जिभेच्या टोकाला लावून थुंकायची.

"अजून आठवडाभर," म्हणायची. किंवा, "न्या."

"काकूंना भात कच्चा राहिलेला कळत नाही," खालच्या शेताची लांबडी म्हणायची, "पण शेण कच्चं राहिलेलं बरोबर कळतं." लांबडी उंचीला दारात वाकावं लागेल एवढी, आणि जीभ त्याहून लांब.

खत पैशाने मिळत नसे. खत न्यायचं आणि खतवालीच्या कामाला यायचं. तिची कापणी, तिचं छप्पर, तिच्या बांधाचे दगड. कुणी कुठे लिहून ठेवत नसे, आणि कुणी विसरतही नसे.

यंदा शेण कमी पडलं. म्हातारी गाय गेली, दुसरी आटली. तेव्हा खतवालीच्या मुलाने घाटरस्त्यावरच्या तबेल्यातून लीद आणली, घोड्यांखाली अंथरलेल्या गवतासकट, ट्रॉली भरभरून. फुकट. खतवालीने आधी नाक मुरडलं. मग ते मुरलं, काळं झालं, त्यात गांडुळं झाली. तिने दाबलं, हुंगलं, चाखलं.

"न्या," म्हणाली.

पाचही घरांनी अर्धा खड्डा नेला आणि घेवड्याला घातला. उरलेला अर्धा वाटाण्यासाठी आणि बटाट्यासाठी ठेवला.

परत आलेला क्रेट

जीपच्या टपावरून खाली उतरला. बाजारगावच्या दवाखान्याचं स्वयंपाकघर या घराची भाजी घ्यायचं. औषधाशिवायची, वरची, ताजी. हे गिऱ्हाईक सुनेने स्वतः दोन हिवाळे खेटे घालून मिळवलं होतं. धडपडत जगलेल्या झाडांना ज्या काही शेंगा लागल्या त्या निवडून तिने पाठवल्या होत्या.

"आचारी काय म्हणाला?" तिने जीपवाल्याला विचारलं.

"राहू दे ना वहिनी."

"सांगा."

"म्हणाला, ही शेंग आहे का गोगलगाय." जीपवाल्याने क्रेट तिच्या पायाशी ठेवला. "आणि म्हणाला, वाटाणा बघू. तोही असाच आला तर दुसरीकडून घेतो."

त्या शेंगा घरात शिजल्या. लागत होत्या बऱ्या.

खिडकीत

रंगाचे रिकामे डबे. तीन डब्यांत खड्ड्यातलं खत, तीन डब्यांत कड्याजवळची माती. सगळ्यांत एकाच पिशवीतलं बी.

"हे काय?" सासू म्हणाली. "भातुकली मांडलीस?"

"घेवडा लावलाय."

"शेतात कमी लावलाय?"

"खत बघतेय, आई."

सासूने हातातली बादली खाली ठेवली. "खत मी बघितलंय."

"हो. पण."

"पण काय?"

"काही नाही. डबे रिकामेच पडले होते."

मातीतलं रोप सरळ वर आलं. खतातलं वर आलं, थबकलं आणि मुडपलं. तिन्ही डब्यांत तसंच. सासूने ते येता-जाता बघितलं, न बघितल्यासारखं केलं, आणि मग एकदा चूल फुंकता फुंकता म्हणाली, "बी जुनं असेल."

"सहाही डब्यांत एकच बी आहे."

"मग पाणी जास्त झालं."

"सगळ्यांना एकाच भांड्याने घालते."

"तुझा हातच जड आहे."

दुसऱ्या दिवशी खतवालीने स्वतःचे डबे भरले. खड्ड्याच्या तळातलं, सगळ्यात मुरलेलं खत तिने चाळून घेतलं. बी स्वतःच्या पुरचुंडीतलं. डबे गोठ्याच्या छपरावर ठेवले, जिथे सुनेचा हात पोचणार नाही. रोज सकाळी शिडी लावून वर चढायची. गुडघे कुरकुरायचे, शिडी कुरकुरायची.

"आई, मी घालतो पाणी," मुलगा म्हणायचा.

"तू लांब राहा."

एके सकाळी ती एक डबा पोटाशी धरून उतरली. सुनेपुढे जमिनीवर ठेवला. आतलं रोप खाली मान घालून उभं होतं.

"बोल की आता. जीभ गेली का?"

"काय बोलू?"

"तेच. काही बोलू नकोस."

आणि ती खड्ड्यापाशी गेली. खत मुठीत घेतलं, दाबलं, हुंगलं. जिभेला लावलं. थुंकली नाही. बराच वेळ तशीच उभी राहिली, तोंडात माती घेऊन. खत गोडच होतं. यात वाईट काही आहे असं तिला काहीच सांगत नव्हतं.

तबेलेवाला

घोड्याचा पाय मांडीवर घेऊन खूर साफ करत होता.

"गवत कुठून आणता?" मुलाने विचारलं.

"सपाटीवरून. ट्रक येतो. एक नंबर गवत. एक काटा सापडणार नाही, एक रानफूल नाही."

"का नाही?"

"औषध मारतात ना. रुंद पानाचं काही उगवू देत नाही. गवत तेवढं राहतं."

"आणि घोड्यांना?"

"घोड्यांना काय धाड भरलीय? अंगावरची चकाकी बघा. आरशाची गरज नाही, दाढी करून घ्या."

"आणि लिदीतून?"

"लिदीतून काय?"

मुलाने घेवड्याचं सांगितलं. तबेलेवाल्याने खूर खाली सोडला, घोड्याच्या पाठीवर थाप मारली.

"शेतात घातलंत होय? मला वाटलं, सुकवून जाळायला नेता." मग जरा वेळाने, पडेल आवाजात, "मला कुणी सांगितलं नव्हतं हो. मलाही गवतवाला नुसतं 'स्वच्छ आहे' म्हणाला." आणि मुलगा निघाला तेव्हा मागून, "न्यायची आहे का अजून? ढीग झालाय."

झाकली मूठ

"बांध होऊ दे," मुलगा म्हणाला. "मग सांगू."

मधल्या पायरीचा बांध मागच्या पावसात फुगला होता आणि मग एका दुपारी बसला होता, दमलेला माणूस बसतो तसा. खिंडार पडलं होतं. त्यातून माती खाली लांबडीच्या शेताकडे ओघळत होती. हिवाळ्याआधीचा मोठा पाऊस अजून यायचा होता. दगड उचलायला घरातले तिघे पुरणार नव्हते. खतवालीला आता घमेलंसुद्धा दोन दमांत उचलावं लागे. गवंड्याने दिवस ठरवून दिला होता. सगळी येणार होती.

"येताना पाट्या घेऊन येतील," सून म्हणाली. "काम झालं की त्याच पाट्यांतून खत नेतील. नेहमीसारखं. वाटाण्याला घालतील. मग?"

"सांगू, अजून कच्चं आहे."

"माझं खत कच्चं?" कोपऱ्यातून सासू कडाडली. "माझं खत कधी कच्चं नव्हतं!"

"अगं आई, नुसतं म्हणायला."

"म्हणायलासुद्धा नाही."

"मग काय, विषारी म्हणू? ते बरं वाटेल? खत द्यायचं नाही तर कामाला कोण येणार, आणि का? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकशील," सासू म्हणाली. "घेवडा उघड्यावर आहे."

सांगायचं असं ठरलं नाही. सांगायचं नाही असंही ठरलं नाही. मका खुडायचा होता, गाय विण्याला आली होती, खिंडारातून रोज थोडी थोडी माती सुटत होती.

उतारावर

"धुक्याने झालं. यंदा धुकं उतरलंच नाही."

"धुकं दर वर्षी असतं."

"दर वर्षी असं नसतं."

"मला तर बियाणंवाल्याचा संशय आहे. तोंडावरूनच लबाड."

"माझ्या मक्याला काही झालं नाही. घेवड्यालाच कसं?"

"नजर."

"घेवड्याला कोण नजर लावतंय? त्यापेक्षा तुझ्या मिशीला लावेल."

"खतवालीचाही गेलाय म्हणे."

"तिचाही? मग ती काय करणार बिचारी. खत तर तिचंच होतं सगळ्यांना."

"हो ना. खत चांगलं म्हणून तेवढा तरी तगला."

पहारी

सकाळी सकाळी वाजायला लागल्या. गवंडी सगळ्यात आधी आला होता. ढासळलेले दगड त्याने उतारावर पसरून ठेवले होते. मोठे पायाला, लांबट आडवे बांधायला, कपच्या फटींना. चुना नाही, सिमेंट नाही. दगडाने दगड धरायचा.

"एकदा उचलला की बसवायचा," तो म्हणत होता. "खाली ठेवून परत उचलायचा नाही. दगड रुसतो."

"तुमच्या बायकोला पण असंच सांगता का?" लांबडी म्हणाली. तिने एकटीने पायाचा दगड सरकवला होता. शिंपी आला होता, शिंपीण आली होती, वरच्या घराचे दोघे भाऊ आले होते. खिंडाराच्या कडेला पाट्या पालथ्या घालून ठेवलेल्या होत्या. एकात एक.

खतवाली चहा घेऊन आली. तिने किटली ठेवली. पाट्यांकडे बघितलं. मग पदर खोचून म्हणाली, "पाट्या आणल्या आहेत, पण खत मिळणार नाही."

शिंपी हसला. "का काकू? भाव वाढवला?"

"घेवडा माझ्या खताने गेला."

पहार थांबली.

तिने सांगितलं. घोडे, गवत, सपाटीवरचं औषध. जेवढं मुलाने आणून सांगितलं होतं तेवढंच, त्याच क्रमाने, मधे श्वास न घेता. "मक्याला, धान्याला काही होत नाही. घेवडा, वाटाणा, बटाटा, टोमॅटो, सगळं मुडपतं. अजून दोन-तीन वर्षंसुद्धा मुडपेल, कुणाला माहीत. मी चाखून दिलं होतं. मला कळलं नाही."

सून मक्याच्या पेंढीपाशी उभी होती. मुलगा दगड हातात घेऊन उभा होता, आणि दगड एकदा उचलला की खाली ठेवायचा नसतो म्हणून तसाच धरून होता.

"कधी कळलं हे?" लांबडीने विचारलं.

"झाले काही दिवस."

"काही म्हणजे? परवाच्या आधी का नंतर?"

"आधी."

लांबडीने हातातली पहार मातीत रोवली. "परवा मी टोमॅटोची रोपं लावली. उशिराची. खत तुमच्याच खड्ड्यातलं. तुम्ही नव्हता घरी." तिने मुलाकडे बोट केलं. "याने भरून दिलं. मी म्हटलं, थोडं दे. हा म्हणाला, घ्या हो मावशी, दाबून घ्या."

खतवाली मुलाकडे वळली. तिला हे माहीत नव्हतं. सुनेलाही नव्हतं.

"त्यांनी मागितलं," मुलगा म्हणाला. "नाही कसं म्हणू? नाही म्हटलं असतं तर विचारलं असतं, का नाही."

"दाबून?" खतवाली म्हणाली.

दगडाचं ओझं त्याच्या बोटांवर दिसत होतं. नखं पांढरी पडली होती.

लांबडीने आपली पाटी उचलली. एकात एक अडकलेल्या पाट्या सुटेनात. तिने झटका दिला, बाकीच्या घरंगळत उताराला लागल्या. शिंपीण त्यांच्यामागे धावली. धावली ती परत आलीच नाही. शिंपीही "मी बघून येतो" म्हणून गेला.

वरच्या घरचे भाऊ एकमेकांकडे बघत उभे राहिले.

"दगडाला काय झालंय?" गवंडी म्हणाला. "दगडाने खत खाल्लंय का? ए, तो ठेव इथे. आधी तो ठेव, बोटं जातील तुझी."

मुलाने दगड ठेवला. तो नीट बसला नाही. गवंड्याने खाली कपची ठोकली.

जेवायच्या वेळी

दोघा भावांनी आपापल्या पिशव्यांतून डबे काढले. ज्याच्या घरचं काम त्याच्या घरचं जेवण, असं असायचं. सुनेने पहाटे उठून पातेलंभर बटाटे उकडले होते, झाकून आणले होते.

"हे घ्या ना," ती म्हणाली.

"आहे, आणलंय," थोरला म्हणाला, तिच्याकडे न बघता. घरून डबा आणायचं त्यांना सकाळी का सुचलं असेल? की शिंपिणीने वरच्या घरी कळवलं आणि डबे मागून आले? तिने विचारलं नाही. पातेलं झाकून ठेवलं.

गवंड्याने तीन बटाटे खाल्ले. मीठ मागून घेतलं.

संध्याकाळपर्यंत बांध कमरेएवढा आला. वरचे थर राहिले. भाऊ उताराला घरंगळलेल्या आपल्या पाट्या खांद्याला लावून निघून गेले, रिकाम्या.

लांबडीच्या शेतात

खतवाली उजाडताना उतरली. हातात खुरपं, कमरेला पाटी. तिच्यामागे दोन पावलं सोडून मुलगा, त्याच्यामागे सून. रात्रभर वाऱ्याला ओल होती, पण पाऊस पडला नव्हता.

लांबडी वाफ्यातच होती. टोमॅटोच्या रोपांचे शेंडे वळायला लागले होते.

"काय आहे?" ती म्हणाली.

"खत परत न्यायला आलेय," खतवाली म्हणाली. "मक्याच्या शेतात पसरीन. तिथे चालतं."

"मातीत मिसळलेलं खत परत नेणार? दुधातली साखर पण काढून नेता का?"

"जेवढं निघेल तेवढं."

ती वाकली. पहिल्या रोपाभोवती खुरपं लावलं. लांबडी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मुलाने फावडं उचललं तशी ओरडली, "ए! फावडं नको. मुळं तोडशील. हाताने काढ. बस खाली."

तो बसला.

"गुडघ्यावर बस. तसं उकिडवं बसून दुपारपर्यंत टिकणार नाहीस."

तो गुडघ्यावर बसला. काळं, गोड वासाचं, भुसभुशीत खत त्याने ओंजळीने काढून पाटीत टाकलं. त्यातली गांडुळं हातावर वळवळत होती. ती तो वेचून परत वाफ्यात सोडत होता. सून पाट्या वर नेत होती. वर चढताना वाट अर्ध्या बांधावरून जायची, आणि तिथे ती दर वेळी दम घ्यायला थांबायची.

दोन वाफे झाले. रोपांभोवती खळगे पडले. मुळांचे पांढरे धागे उघडे झाले.

"आणि हे?" लांबडी म्हणाली. "काढून नेलंत, ठीक आहे. खळग्यांत काय भरू? माझ्याकडे जास्तीची माती असती तर तुमच्या खड्ड्यापाशी कशाला आले असते?"

खतवाली उठायला गेली, उठता येईना. हात टेकून उठली. वर बघितलं. तिच्या शेताचा कड्याजवळचा तुकडा, जिथे या वर्षी खत पोचलं नव्हतं, तेवढीच धड माती तिच्याकडे होती. वाटाणा तिथेच लावायचा होता. दवाखान्याचा.

सुनेनेही तिकडेच बघितलं.

"आई," ती म्हणाली, "वाटाण्याचं काय?"

"अर्ध्या तुकड्यात लावू."

"अर्ध्यात त्यांचं भागणार नाही. तो दुसरीकडून घेईल."

"घेऊ दे."

सून तशीच उभी राहिली. मग तिने पाटीतलं खत बांधापलीकडच्या मक्यात ओतलं, पाटी झटकली आणि कड्याकडे निघाली. पहिली पाटी तिनेच आणून ओतली. लांबडीने ती माती बोटांनी चाळवली.

"खडे फार आहेत," ती म्हणाली.

"चाळून आणते," सून म्हणाली.

"चाळूनच आण." लांबडीने एक खळगा भरला, तळहाताने दाबला. मग मान वर करून अर्ध्या बांधाकडे बघितलं, ढगांकडे बघितलं. "नाहीतर तो बांध असाच राहिला तर तुमची सगळी माती आपोआप येईल माझ्याकडे. न चाळता. रोपं-बिपं गाडून."

कुणी हसलं नाही.

"गवंडी उद्या मोकळा आहे का?" तिने विचारलं.

"आहे," मुलगा म्हणाला. खाली मान घालून, ओंजळ भरलेली.

"मग सकाळी येते." तिने पुढच्या रोपाकडे सरकत म्हटलं. "जेवण माझं मी आणीन."